जाडा, बारीक आणि आळशी

शुक्रवार, ८ एप्रिल २०१६. गुढीपाडवा. सकाळी ७.१०

नवीन वर्ष, नवीन वही. रोज लिहायचं.

काल संध्याकाळी चावला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. २ मेला सहा नवे इंजिनियर येतायत. टीम चौदाची वीस होणार. साहेब म्हणाले, हर किसी का टर्मिनल अलग दिखता है, नए लोग पागल हो जाएँगे, अविनाश जी, आप एक स्टँडर्ड सेटअप बना दो. प्लगिन मॅनेजर मी निवडायचा. दोन पानांची नोट. शुक्रवार, २९ तारखेला सगळ्यांसमोर डेमो. आणि मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, अच्छा हुआ तो आपको टूलिंग लीड बना देते हैं.

लीड.

अकरा वर्षं झाली या कंपनीत. कार्डावर अजून सीनियर इंजिनियर. माझ्यानंतर आलेले चौघे लीड झाले. त्यातल्या एकाला तर मीच पहिल्या दिवशी कँटीन दाखवलं होतं.

संकल्प: तीन दिवसांत निवड. चौथ्या दिवशी नोट. उरलेले सतरा दिवस नम्रपणे वाट पाहणं.

सकाळी ९.००

गुढी उभारताना बायकोला, मीनाक्षीला, सगळं समजावलं. शेल म्हणजे टर्मिनलचा काळा पडदा, त्यावर आपण हुकूम टाइप करतो आणि कॉम्प्युटर ऐकतो. प्लगिन म्हणजे त्या शेलला जोडायची एकेक पुरवणी. एक चुका दाखवते, एक रंग देते, एक पुढचा शब्द सुचवते. आणि या पुरवण्या आणणारा, लावणारा, ताज्या ठेवणारा तो प्लगिन मॅनेजर.

ती म्हणाली, म्हणजे तू मॅनेजर होणार नाहीस, मॅनेजर निवडणार आहेस. काठी धर नीट.

ती दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. तिकडे अजून फाइल लाल फितीत बांधतात. दुर्लक्ष केलं.

सोमवार, ११ एप्रिल

तीन दिवस झाले. निवड अद्याप नाही, पण उमेदवार तीनवर आले आहेत. इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून माझी नावं दिली.

जाडा: सगळं आधीच भरून येतो. दोनशे प्लगिन्स पोटात. कुणी न मागता.

बारीक: काहीच आणत नाही. प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते.

आळशी: गरज पडेल तेव्हाच उठतो. शेल उघडतं चटकन, प्लगिन्स मागून येतात.

स्वभावाने मला जाडा पटतो. घाईने ठरवणार नाही. तुलनेचा तक्ता केला आहे, अकरा रकाने.

मंगळवार, १२ एप्रिल

गुडगावचं नाव आजपासून गुरुग्राम करायचं ठरलं म्हणे. ऑफिसात दिवसभर तोच विषय. मी ९८ साली आलो तेव्हा या ऑफिसच्या जागी मोहरीचं शेत होतं आणि लोक दोन्ही नावं घेत नव्हते, नुसतं 'उधर' म्हणायचे.

या गडबडीत तक्ता पुढे सरकला नाही. तेरा रकाने.

बुधवार, १३ एप्रिल. दुपारी

रसिका डेस्कशी आली. पुण्याची. अठ्ठावीस वर्षांची, कामाची हुशार, पण घाई फार. म्हणाली, सर, यादी बघितली, आपल्याला लागणारी सहाच तर प्लगिन्स आहेत. मॅनेजर कशाला? एका फाइलमध्ये सहा ओळी लिहू, संपलं.

मी म्हटलं, रसिका, सहा माणसांना पण मॅनेजर लागतोच. नाहीतर चावला साहेब कशाला आहेत?

साहेब मागेच उभे होते. मराठी कळत नाही त्यांना. पण 'चावला' कळतं.

शनिवार, १६ एप्रिल

कालपासून गाड्यांचं ऑड-इव्हन पुन्हा सुरू. माझ्या गाडीचा शेवटचा आकडा सहा. म्हणजे सम तारखेला गाडी, विषम तारखेला शेअर कॅब. घरून, दिल्लीतल्या द्वारकेहून, गुरुग्राम (सवय करतोय) शेअर कॅबने म्हणजे चार अनोळखी माणसांचे फोन ऐकत जाणं.

पण यातूनच कल्पना सुचली. स्वतः एक प्लगिन लिहिलं. शेल उघडलं की वर लिहून येतं: आज गाडी न्या, किंवा आज गाडी नेऊ नका. साधी गोष्ट. लोकांना लागणारी गोष्ट. लीड असा विचार करतो.

त्याच झपाट्यात अकोल्याचं तापमान दाखवणारंही लिहिलं. माझं गाव. शेल उघडताना आकडा इंटरनेटवरून येतो. थोडा वेळ लागतो, पण कळतं की तिकडे त्रेचाळीस आहे आणि मी इथे बरा आहे.

तक्ता: एकोणीस रकाने. निवड सोमवारी नक्की.

मंगळवार, १९ एप्रिल. संध्याकाळी ६.३०

सकाळी शेलने लिहिलं: आज गाडी न्या. नेली. द्वारकेच्या चौकातच ट्रॅफिक पोलिसाने बाजूला घेतलं. म्हणाला, आज उन्नीस है भाईसाब. मी म्हटलं, शक्य नाही. गाडीच्या टपावर लॅपटॉप उघडून दाखवला. तो म्हणाला, ये काला-काला क्या दिखा रहे हो, मोबाइल में तारीख देख लो.

ऑफिसात पोचल्यावर कळलं. तारीख आणणारा तुकडा मी आमच्या कामाच्या सर्व्हरवरून उचलला होता. तो कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. तिथे तेव्हा अठराच होती.

म्हणजे प्लगिन चूक नव्हतं. कॅलिफोर्नियात मी गाडी नेऊ शकलो असतो.

पोलिसाने तेव्हाच चलन फाडलं होतं. मी मात्र तत्त्व सोडलं नाही. त्याला विचारलं, तुमच्याकडे नियम कुठल्या घड्याळाने चालतात? तो म्हणाला, एचएमटी.

बुधवार, २० एप्रिल

आज मोठं काम झालं. मॅनेजर अजून ठरला नाही, पण त्याच्याहून महत्त्वाचं. मी माझं प्लगिन लिहिलं. नाव 'वऱ्हाड'. लांबलचक इंग्रजी कमांडना मराठी आखूड नावं. 'चल' म्हटलं की दुसऱ्या फोल्डरमध्ये जातं. 'दाखव' म्हटलं की यादी येते. आणि सगळ्यात लाडकं: 'पूस'.

'पूस' लिहून पुढे फोल्डरचं नाव द्यायचं. मग ते फोल्डर आपल्याबद्दल सगळं सांगतं. किती मोठं, आत काय, शेवटचं कुणी बदललं. आमच्याकडे अकोल्याला विचारणं म्हणजे पुसणं. त्याला पूस, तिला पूस, मले काय पुसतं. काय गोड शब्द आहे. वीस जणांची टीम रोज हा शब्द टाइप करेल. दिल्लीत वऱ्हाडी भाषेसाठी एवढं कुणी केलं असेल असं वाटत नाही.

गुरुवार, २१ एप्रिल. सकाळी ११.४०

रसिका म्हणाली, सर, प्रॉब्लेम आहे. माझ्या टूल्सच्या प्लगिनमध्ये पण पूस आहे. दोन वर्षं झाली, अर्धी टीम वापरते. कामाचे जुने फोल्डर साफ करायला. पुसून टाक म्हणून पूस.

मी विचारलं, साफ करायच्या आधी ते काही विचारतं का? म्हणाली, नाही सर, डायरेक्ट पुसतं. तेच तर फास्ट आहे.

म्हणजे माझं पूस विचारतं आणि तिचं पूस विचारत नाही. संस्कारांचा फरक आहे.

मी शांतपणे म्हटलं, तू तुझं नाव बदल. ती म्हणाली, सर, पुसणे म्हणजे विचारणे हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. मी म्हटलं, महाराष्ट्र पुण्यात संपत नाही. विचारपूस म्हणतेस ना? त्यात पूस काय फडकं घेऊन आलाय?

तिने मान डोलावली. जिंकलो.

मग म्हणाली, बरोबर आहे सर, पण एकाच नावाच्या दोन कमांड असल्या तर जी शेवटी लोड होते तिचं चालतं. म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं.

दुपारी ३.००

वाद चावला साहेबांपर्यंत गेला. त्यांनी रोमन स्पेलिंग, पी-यू-एस, वाचलं आणि म्हणाले, ये 'पस' क्या है, फोड़े वाला? तुम मराठी लोग टर्मिनल में फोड़ा क्यों डाल रहे हो?

मग म्हणाले, अविनाश जी, नाम छोड़ो, नोट कब दे रहे हो? मी म्हटलं, एकदम फायनलच देतो, ड्राफ्ट देणं मला पटत नाही.

शुक्रवार, २२ एप्रिल

नाव बदलणार नाही. सरकारने एका दिवसात गुडगाव बदललं. मी सरकार नाही.

उलट मोठं मन दाखवलं. रसिकाचं प्लगिन मी स्टँडर्ड सेटअपमध्ये घेतलं. जसंच्या तसं, तिच्या पूससकट. टीम स्पिरिट. जाड्यामध्ये प्लगिन्स इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लोड होतात. तिचं आर वरून, माझं व्ही वरून. म्हणजे शेवटी मी. तिला बोललो नाही. लीडने सगळंच बोलायचं नसतं.

रविवार, २४ एप्रिल. सकाळी

घरी चाचणी घेतली. कमांड नव्या माणसाला कळते का पाहायला अबोलीला बोलावलं. ती तेरा वर्षांची. जन्म दिल्लीचा. तिला म्हटलं, बेटा, आईला पूस, नाश्त्याला काय आहे.

तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि म्हणाली, बाबा, मम्मीला कशाला पुसू? ती क्लीन आहे.

समजावलं. पुसणं म्हणजे विचारणं. ती म्हणाली, अरे यार बाबा, विचारणं म्हणजे पूछना आणि पुसणं म्हणजे पोछा. तुम्ही मिक्स करताय.

मीनाक्षी हसून हसून खाली बसली. लेकीला म्हणाली, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात यांनी मला सांगितलं, आईला पूस. मी नवीन सून. टॉवेल घेऊन सासूबाईंपुढे उभी. त्या बिचाऱ्या देवपूजा करत होत्या.

मी सोळा वर्षं हा प्रसंग ऐकतोय. दर वेळी टॉवेल मोठा होतो.

मग मीनाक्षी जरा गंभीर झाली. म्हणाली, अविनाश, एक शब्द बदल. 'विचार' कर त्याचं. काय बिघडतं? मला माहितीय तुला हे लीड किती हवंय. एका शब्दापायी घालवू नकोस.

मी म्हटलं, 'विचार' सहा अक्षरांचं होतं रोमनमध्ये. 'पूस' तीन. कमांड आखूड हवी.

ती म्हणाली, बरं.

तिचं 'बरं' मला ओळखू येतं. पण माघार नाही.

सोमवार, २५ एप्रिल

तक्ता एकतीस रकाने. रंगीत. जाडा १८, आळशी १७, बारीक ४. जाड्याची निवड जवळपास पक्की.

'सेटअप' नावाच्या एका फोल्डरमध्ये सगळं ठेवलंय. तक्ता, नोट, वऱ्हाड, गाडीचं प्लगिन (भारतीय घड्याळावर), अकोल्याचं तापमान. अठरा दिवसांची मेहनत एका जागी. रसिका म्हणाली, सर, टीमच्या रेपॉझिटरीत टाका ना, कॉपी राहील. मी म्हटलं, अर्धवट काम मी लोकांत टाकत नाही. फायनल झालं की टाकू.

बुधवार, २७ एप्रिल. संध्याकाळी

पूर्ण रंगीत तालीम. एकट्याने, कॉन्फरन्स रूममध्ये. 'पूस सेटअप' टाइप केलं. फोल्डरने नम्रपणे सगळी माहिती दिली. किती फाइली, किती मोठ्या, शेवटचा बदल अविनाश. बिल्कुल परफेक्ट. टाळ्या कुठे पडतील तेही लिहून ठेवलं.

एकच गोष्ट खटकली. शेल उघडायला सात सेकंद लागतात. अकोल्याचं तापमान, गाडी, आणि जाड्याच्या पोटातली दोनशे. सात सेकंद चावला साहेब गप्प बसणार नाहीत. ते लिफ्टचं बटण तीनदा दाबणारे गृहस्थ आहेत.

गुरुवार, २८ एप्रिल. दुपारी १२.१५

धाडसी निर्णय. जाडा रद्द. आळशी घेतला.

शेल आता पापणी लवेपर्यंत उघडतं. माझं वऱ्हाड लगेच लोड होतं, बाकीची प्लगिन्स आळशी एक-दोन सेकंदांनी मागून आणतो. आपल्याला कळतही नाही. नोटमध्ये जिथे जिथे जाडा होता तिथे आळशी केलं. तक्त्यात एक रकाना वाढवला आणि दोन गुण हलवले. आता आळशी १९, जाडा १८. आकडे खोटं बोलत नाहीत.

रसिका म्हणाली, सर, मॅनेजर बदललात तर पूर्ण डेमो एकदा परत चालवून बघा ना. मी म्हटलं, काल टेस्ट झालंय. आज फक्त मॅनेजर बदललाय.

ती म्हणाली, सर, आणि ते लोड ऑर्डर... मी म्हटलं, रसिका, उद्याचा दिवस माझा आहे.

शुक्रवार, २९ एप्रिल. सकाळी ७.४५

इस्त्रीचा निळा शर्ट. मीनाक्षीने स्वतः इस्त्री केली. दाराशी म्हणाली, मिळणार रे तुला. पूसचा विषय काढला नाही. चांगली आहे.

विषम तारीख. कॅब.

दुपारी १.००

तथ्य तेवढं लिहितो.

अकरा वाजता सगळे जमले. चौदा माणसं, चावला साहेब, शिवाय एचआरची एक बाई. शेल उघडलं. चटकन. साहेब म्हणाले, वाह. मी 'चल' दाखवलं. 'दाखव' दाखवलं. लोक खूश. मग मी मराठी भाषेवर दोन मिनिटं बोललो. म्हटलं, हमारे यहाँ पूस का मतलब है पूछना. मशीन को हुक्म मत दो, मशीन से पूछो.

ही दोन मिनिटं आळशाला पुरली.

मग टाइप केलं: पूस सेटअप.

पडद्यावर काही आलं नाही. मला वाटलं विचार करतोय. परत 'दाखव' टाइप केलं. सेटअप नाही. नोट नाही. तक्ता नाही. बत्तीसही रकाने नाहीत. तोवर रसिकाचं प्लगिन मागून येऊन बसलं होतं आणि माझ्या पूसच्या जागी तिचं पूस चाललं होतं. टर्मिनलमधून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. हे मी गेली पंधरा वर्षं नव्या लोकांना शिकवतोय.

चावला साहेब खुर्चीत पुढे झुकले आणि म्हणाले, अविनाश जी, पूछने से ही उड़ गया?

एचआरची बाई सगळ्यात आधी हसली.

मी म्हटलं, सर, टेक्निकली डेमो सक्सेसफुल आहे. मॅनेजरने दोन्ही प्लगिन्स बरोबर लोड केली. साहेबांनी विचारलं, नोट की कॉपी? मी म्हटलं, फायनल झाल्यावर टाकणार होतो.

रसिका एकटी हसली नाही. तिने माझा लॅपटॉप घेऊन अर्धा तास काही परत मिळतंय का पाहिलं. मिळालं नाही. म्हणाली, सॉरी सर, मी नाव बदलायला हवं होतं.

मी म्हटलं, हो.

हे लिहिताना वाटतं, 'हो' म्हणायला नको होतं.

शनिवार, ३० एप्रिल. सकाळी

खचलो नाही. मूळ विचार डोक्यात आहेत. तक्ता परत लिहायला घेतला. पहिले चार रकाने आठवले. बाकीचे अठ्ठावीस कशाबद्दल होते?

मीनाक्षीला सगळं सांगितलं. मला वाटलं टॉवेल काढेल. काढला नाही. चहा ठेवला, समोर बसली, म्हणाली, सोमवारी चावलांकडे जा आणि सरळ सांग, माझी चूक झाली, आठवड्यात परत करून देतो. लोक चुकीला नाही हसत रे, चूक न मानण्याला हसतात.

विचार करतो म्हटलं. केला. चूक अशी नाहीच. प्रायॉरिटीचा प्रश्न आहे.

सोमवार, २ मे. दुपारी १२.००

सहाही जण आले. रसिकाने शनिवार-रविवारी घरून एक फाइल केली होती. चाळीस ओळी. मॅनेजर नाही. दहा-दहाला मेल. दहा-पंचवीसला सहाही जणांचं टर्मिनल सारखं, चालू. त्यातल्या एकाने विचारलं, ये टर्मिनल खोलना ज़रूरी है क्या? हम लोग तो माउस से करते हैं.

तिची फाइल वाचून काढली. ओळ २३ मध्ये स्पेस जास्त आहे. कळवलं.

दुपारी ४.३०

साहेबांनी उभं राहून जाहीर केलं. टूलिंग लीड, रसिका.

टाळ्या मीही वाजवल्या. थोडा वेळ जास्तच वाजवल्या बहुतेक, कारण बाकीचे थांबले होते.

नंतर ती डेस्कशी आली. म्हणाली, सर, मी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, मला माहितीय. हे खरं होतं म्हणून लगेच म्हणता आलं.

मंगळवार, ३ मे

साहेबांनी बोलावलं. मानेसरला एक क्लायंट आहे, गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणारा कारखाना. तिथली जुनी मशीनं सांभाळायला तीन महिने कुणीतरी हवंय. म्हणाले, वहाँ इंटरनेट नहीं है, कुछ इंस्टॉल नहीं कर सकते, एकदम ख़ाली शेल है. आपके लिए परफेक्ट. आपके पास वैसे भी अब कोई सेटअप नहीं है.

यातला विश्वास मला जाणवला. ज्याला कशाचाही आधार लागत नाही असा टीममध्ये मी एकटाच.

मीनाक्षीला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे शिक्षा. मी म्हटलं, डेप्युटेशन. ती म्हणाली, आमच्याकडे पण तसंच म्हणतात.

गुरुवार, ५ मे. मानेसर. दुपारी २.१०

पहिला दिवस. कंपनीच्या बसने आलो. गेटवर पास करावा लागतो. गार्डने नाव लिहिलं, कंपनी लिहिली, मग पेन थांबवून विचारलं, और क्या हैं आप?

तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. मागे रांग होती. ऊन होतं. तोंडातून निघून गेलं: लीड.

त्याने स्पेलिंग विचारलं. मी इंग्रजीत एकेक अक्षर सांगितलं. त्याने ठळक लिहिलं. पाहून बरं वाटलं. कुठल्याही कागदावर पहिल्यांदाच माझ्या नावासमोर ते आलं होतं.

दुसऱ्या गेटवरच्या माणसाने पास वाचला आणि म्हणाला, लेड? तो काँटे पे जाओ. मी म्हटलं, लेड नाही, लीड. तो म्हणाला, लिखा तो लेड है. इंग्रजीत शिसं आणि पुढारी एकाच स्पेलिंगचे. या कारखान्यात रोज चार ट्रक शिसं येतं. पुढारी येत नाहीत.

वाद घातला. चांगला वीस मिनिटं. शेवटी तो म्हणाला, बाबूजी, बिना पर्ची के अंदर नहीं जाने दूँगा, पर्ची काँटे से ही मिलेगी.

मग धर्मकाँट्यावर, म्हणजे ट्रकचं वजन करायच्या काट्यावर, गेलो. पुढे शिशाचा ट्रक, मागे शिशाचा ट्रक, मध्ये मी, लॅपटॉपच्या बॅगेसकट. काँटेवाल्याने खिडकीतून विचारलं, माल कहाँ है? मी म्हटलं, मैं ही हूँ. त्याने वर न बघता बटण दाबलं.

पर्ची मिळाली. आत आलो. ती समोर ठेवून हे लिहितोय. तारीख आहे, सही आहे, गोल शिक्का आहे. नाव: अविनाश. त्यापुढे ठळक अक्षरांत लीड. ऐंशी किलो.

रकाना मालाचा आहे.